लामाच्या पोटात दुर्बीण घालण्यापूर्वी

मादी दोन हंगाम भरवूनही गाभण राहत नाही. किंवा खच्ची केलेला म्हणून विकत घेतलेला नर माद्यांच्या मागे सुटतो. लामा पाळणारा माणूस पशुवैद्याकडे जातो आणि बोलता बोलता ‘दुर्बीण घालून बघू’ हा विषय निघतो. आपल्याकडे दुर्बिणीचं ऑपरेशन हे शब्द कुटुंबनियोजनाच्या शिबिरांमुळे घराघरांत पोचले आहेत आणि त्यांच्यासोबत एक समजूतही पोचली आहे: सकाळी नेलं, संध्याकाळी घरी आणलं, किरकोळ काम. लामाच्या बाबतीत ही समजूत बाजूला ठेवा. पोटावरचा छेद एक-दीड सेंटीमीटरचा असतो हे खरं. पण त्यासाठी सव्वाशे-दीडशे किलोंचं जनावर उपाशी ठेवावं लागतं, त्याला पूर्ण भूल द्यावी लागते आणि डोकं खाली करून उताणं झोपवावं लागतं. खरा धोका आहे तो इथं. आणि यातल्या बऱ्याच गोष्टी डॉक्टरांइतक्याच मालकाच्या हातात असतात.

लामा महाराष्ट्रातलं जनावर नव्हे. त्याचं घर बोलिव्हिया आणि पेरूच्या पठारांवर, अँडीजच्या उंचीवर. जगातले सर्वांत जास्त लामा आजही बोलिव्हियात आहेत आणि तिथं तो ओझं वाहतो, लोकर देतो, मांसही देतो. उत्तर अमेरिकेत मात्र लामा सोबतीला, डोंगरात सामान वाहायला, मेंढ्यांची राखण करायला पाळतात आणि पशुवैद्यक महाविद्यालयांची सुसज्ज रुग्णालयं तिथं आहेत. पोटाच्या खालच्या बाजूनं दुर्बीण घालून लामाचं अंडाशय काढण्याची पद्धत 1998 साली पशुशस्त्रक्रियेच्या नियतकालिकात तपशिलानं मांडली गेली. तेव्हापासून ही शस्त्रक्रिया मोठ्या रुग्णालयांच्या आवाक्यातली आहे. परदेशात थोडी जमीन घेऊन हौसेनं दोन-चार लामा बाळगणारे मराठी वाचक आणि तिकडे शिकायला गेलेले आपले पशुवैद्यकाचे विद्यार्थी, या दोघांना डोळ्यांसमोर ठेवून पुढचं लिहितो आहे.

सगळ्यात आधी, गाई-म्हशींवरून अंदाज बांधू नका. गाय दर 21 दिवसांनी माजावर येते. लामाच्या मादीला असा ठरलेला माज नसतो. तिच्या अंडाशयात बीजकोश लाटेसारखे वाढत-विरत राहतात, पण बीज सुटतं ते नराशी समागम झाल्यावरच. नराच्या वीर्यातच बीज सोडायला लावणारं एक प्रथिन असतं. समागमानंतर साधारण एक ते दोन दिवसांत बीज सुटतं, त्या जागी पीतपिंड तयार होतो आणि तो प्रोजेस्टेरॉन बनवू लागतो. गर्भ राहिला नाही तर दहा-बारा दिवसांत पीतपिंड विरतो. गर्भ राहिला तर तोच पीतपिंड साडेअकरा महिने, म्हणजे अगदी विण्यापर्यंत, गर्भ टिकवून धरतो. इतर काही जनावरांत गाभणपणाच्या पुढच्या काळात वार हे काम अंगावर घेते. लामात तसं होत नाही. याचा व्यवहारातला अर्थ सरळ आहे: गाभण मादीचं पीतपिंड असलेलं अंडाशय काढलं की ती गाभडणार. म्हणून शस्त्रक्रियेच्या आधी रक्तातलं प्रोजेस्टेरॉन आणि सोनोग्राफी या दोन्ही तपासण्या झाल्याच पाहिजेत. ‘नर शेजारच्या कुरणात होता, पण मध्ये कुंपण होतं’ एवढ्या भरवशावर जनावर टेबलावर चढवू देऊ नका.

दुसरी गोष्ट मला स्वतःला फार विलक्षण वाटते आणि मालकाला तिचा मोठा दिलासा मिळू शकतो. दोन्ही अंडाशयं बीज सोडतात, पण गर्भ जवळजवळ नेहमीच, शंभरात पंचाण्णवहून जास्त वेळा, गर्भाशयाच्या डाव्या शिंगातच वाढतो. उजवीकडून आलेला भ्रूण स्वतः सरकत डावीकडे जातो. त्यामुळे डाव्या अंडाशयावर गाठ आहे म्हणून ते काढावं लागलं, तरी उजवं अंडाशय, त्या बाजूची नळी आणि डावं शिंग शाबूत असेल तर मादी पुन्हा गाभण राहू शकते. एका अंडाशयाच्या शस्त्रक्रियेला ‘आता संपलं सगळं’ म्हणून नकार देऊ नका. डॉक्टरांना नेमकं विचारा: कुठली बाजू काढणार आणि डाव्या शिंगाची अवस्था काय आहे?

आता ‘गाभण राहत नाही’ या तक्रारीकडे वळू. दुर्बीण हा इथला शेवटचा टप्पा असायला हवा. आधी नर तपासा. तरुण नराचं शिश्न दोन-तीन वर्षांचं वय होईपर्यंत वरच्या त्वचेला चिकटलेलं असू शकतं. असा नर मादीवर बसतो, घशातून ती लांबलचक गुरगुरही काढतो, वीस-पंचवीस मिनिटं सगळं यथासांग चाललेलं दिसतं आणि प्रत्यक्षात समागम झालेलाच नसतो. मालक समाधानानं वहीत तारीख लिहितो. एकदा वाकून, शेपूट बाजूला धरून खात्री करून घ्यायला काय हरकत आहे? कडक उन्हाळ्यात नराची प्रजननक्षमता ढासळते, तेव्हा त्या काळात भरवलेल्या मादीला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच नरापासून दुसऱ्या माद्या गाभण राहिल्या आहेत का, एवढं पाहिलं तरी बरंच कळतं.

नर ठीक असेल तर मादीची तपासणी बाहेरून आत अशा क्रमानं व्हावी. योनिमार्गातला पडदा जन्मतः न उघडलेला असणं हे लामात आढळणारं कारण आहे. तो पडदा योनिमार्गातूनच मोकळा करता येतो, पोटाला हात लावायची गरज नसते. मग गुदमार्गातून सोनोग्राफी. लामाचा हा मार्ग गाईपेक्षा बराच अरुंद, त्यामुळे डॉक्टरांचा हात लहान असणं, भरपूर वंगण आणि संयम या तिन्हींची गरज असते. तिथं आतडं फाटलं तर ते जिवावर बेततं. तुमचे नेहमीचे डॉक्टर ‘माझा हात मोठा आहे, मी करणार नाही’ असं म्हणाले तर त्यांचा आदरच करा. सोनोग्राफीत गर्भाशयात पाणी साठलेलं दिसलं, अंडाशयाभोवतीच्या पिशवीत द्रव दिसला, अंडाशयं फारच लहान दिसली, तर पुढचा रस्ता ठरतो. अंडाशयं लहान असतील तर शस्त्रक्रियेआधी रक्तातून गुणसूत्रांची तपासणी करून घ्या. लामाच्या पेशीत 74 गुणसूत्रं असतात आणि काही वांझ माद्यांत त्यांतलं एक अगदीच छोटं असल्याचं आढळलं आहे. अशी मादी कुठल्याही शस्त्रक्रियेनं गाभण राहणार नाही. एका रक्ताच्या नमुन्यावर जे कळतं त्यासाठी भूल देणं मला पटत नाही.

गर्भाशयात आतून पाहायचं असेल तर लवचीक दुर्बीण योनिमार्गातून, गर्भाशयमुखातून आत नेता येते. पोटाला छेदच नसतो, गुंगी आणि कमरेतलं इंजेक्शन यावर काम भागतं. मात्र गर्भाशयमुख मऊ आणि सैल असतं ते बीजकोश वाढलेला असताना. प्रोजेस्टेरॉन चढलेलं असेल तेव्हा ते घट्ट मिटलेलं असतं. म्हणून ही तपासणी ठरली असेल तर त्याआधी मादीला नराकडे नेऊ नका. ‘जाण्याआधी शेवटची एकदा भरवून पाहू’ हा मोह बऱ्याच मालकांना होतो आणि त्यापायी सगळी वेळ चुकते.

पोटातून दुर्बीण घालायची ती एवढ्यानंतर. नळ्या आजूबाजूला चिकटल्या आहेत का, गर्भाशयाचा एखादा भाग जन्मतःच तयार झालेला नाही का, आधीच्या अवघड वेतानंतर आत काही जुळून आलं आहे का, हे डोळ्यांनी पाहायला हा मार्ग उत्तम. पण मालकानं आधीच स्वतःला विचारावं, की उत्तर वाईट आलं तर मी काय करणार? दोन्ही नळ्या खराब आहेत असं कळलं तर त्यावर इलाज फारसा नसतो. तरीही ते कळण्याला किंमत आहे: त्या मादीला पुन्हा पुन्हा भरवणं थांबतं. लामाचा नर समागमात गर्भाशयमुख ओलांडून थेट गर्भाशयात वीर्य सोडतो, त्यामुळे वारंवार भरवलेल्या मादीच्या गर्भाशयाला इजा आणि जंतुसंसर्ग होण्याचा धोका असतो. आशेपोटी दर महिन्याला भरवत राहणं हा तिच्यावर अन्यायच.

अंडाशय काढण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. केवळ पिल्लं नकोत म्हणून मादीचं पोट उघडू नका. नराला खच्ची करा किंवा वेगळा ठेवा. ते स्वस्त आहे आणि त्यात धोका कितीतरी कमी. शिवाय नराला झिडकारायचं, त्याच्यावर थुंकायचं काम मादी करते ते प्रोजेस्टेरॉनच्या जोरावर. अंडाशयं काढली म्हणून ती नराला जवळ येऊ देणार नाही, असं धरून चालू नये. अंडाशय काढण्याची योग्य कारणं म्हणजे अंडाशयावरची गाठ, अंडाशयाच्या पिशवीत साठून राहिलेला द्रव, किंवा ओटीपोटाचं हाड मोडून जुळल्यामुळे ज्या मादीला विणं जिवावर बेतेल अशी अवस्था. एक आणखी: गाभणपणाच्या शेवटच्या दोन-तीन महिन्यांत मादी अस्वस्थ होऊन लोळू लागली, उठबस करू लागली, चारा सोडला, तर गर्भाशयाला पीळ पडल्याची शंका घ्या. तिथं दुर्बिणीचा विचार करत बसू नका. जनावराला विशिष्ट दिशेनं लोळवून पीळ सोडवणं किंवा पोट उघडणं हे त्याचे उपाय आहेत आणि त्यात प्रत्येक तास मोलाचा असतो.

नराच्या बाबतीत साध्या खच्चीकरणाला दुर्बीण लागत नाही. लामाचे वृषण शेपटीखाली, मागच्या बाजूला असतात आणि जन्मतःच पिशवीत उतरलेले असतात. साधं खच्चीकरण दीड-दोन वर्षांच्या वयात करावं. फार लवकर केलं तर हाडांची वाढ थांबायला उशीर लागतो, पाय लांब आणि ताठ होतात आणि पुढं गुडघ्याचे सांधे त्रास देतात. दुर्बिणीची खरी करामत दिसते ती पोटात अडकलेल्या वृषणाच्या बाबतीत. आतलं वृषण शुक्राणू करत नसलं तरी टेस्टोस्टेरॉन करतच असतं. त्यामुळे बाहेरचं एकच काढून ‘खच्ची केला’ म्हणून विकलेला नर वागतो पूर्ण नरासारखा. असा नर घेतला असल्याची शंका असेल तर रक्तातलं टेस्टोस्टेरॉन तपासून घ्या. गरज पडली तर संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन पुन्हा नमुना घेतात, म्हणजे शंका उरत नाही. आणि ज्याचं एकच वृषण उतरलं आहे त्याचं बाहेरचं वृषण तेवढंच कुणालाही काढू देऊ नका. आधी लपलेलं शोधायचं, मग दोन्ही एकाच वेळी. हा दोष वंशात उतरत असल्याची दाट शंका आहे, म्हणून उतरलेल्या एका वृषणाच्या भरवशावर अशा नराकडून पिल्लं घेऊ नयेत.

रुग्णालय निवडताना दुर्बीण कुठल्या कंपनीची हे विचारू नका. भूल कोण देणार हे विचारा. लामाला किंवा त्याच्या जवळच्या नात्यातल्या अल्पाकाला भूल देण्याचा सराव असलेला भूलतज्ज्ञ आहे का, श्वासयंत्र आहे का, रात्री जनावराजवळ माणूस असतो का? गरज पडली तर तिथल्या तिथं पोट पूर्ण उघडायची तयारी आहे का? हा प्रश्न विचारायला संकोचू नका. आत रक्तस्राव झाला, गाठ अपेक्षेपेक्षा मोठी निघाली, चरबीमुळे काही दिसेना, तर शस्त्रवैद्याला दुर्बीण सोडून मोठा छेद घ्यावाच लागतो आणि तसं वेळेत करणारा शस्त्रवैद्य हुशार समजावा. त्या शक्यतेची संमती आणि दोन्ही प्रकारांचा खर्च आधीच कागदावर घ्या. भूल दिल्यावर फोनवरून घाईत ठरवायची ही गोष्ट नव्हे. आणखी एक: लामासाठी म्हणून खास मंजूर झालेली औषधं जवळपास नाहीतच. सगळी औषधं इतर जनावरांवरच्या अनुभवातून वापरली जातात. त्यामुळे तुमच्या जनावराला पूर्वी कुठल्या औषधाचा त्रास झाला असेल तर ते आवर्जून सांगा.

दिवस ठरला की तयारी घरून सुरू होते. धनुर्वाताची लस चालू आहे का पाहा. मादी लठ्ठ आहे का, हे लोकरीवरून कळत नाही. पाठीच्या कण्यावर हात दाबून बघावं लागतं. लठ्ठ लामाच्या पोटाच्या पडद्यामागे चरबीचा जाड थर असतो. दुर्बिणीची नळी आत घुसण्याऐवजी तो पडदाच पुढं ढकलते आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर चरबीशिवाय काही दिसत नाही. शस्त्रक्रिया तातडीची नसेल तर दोन-तीन महिने हळूहळू वजन उतरवणं शहाणपणाचं. पण उपाशी मारून नव्हे. लामाचा चारा एकदम तोडला तर चरबी यकृतात जाऊन बसते आणि तो आजार शस्त्रक्रियेपेक्षा भयंकर आहे. भर उन्हाळ्यातली तारीख टाळा.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी चारा बंद करावा लागतो. मोठ्या जनावरासाठी साधारण 12 ते 24 तास चारा आणि 8 ते 12 तास पाणी बंद ठेवतात. नेमका आकडा तुमचे डॉक्टर देतील आणि तोच पाळायचा. लामाच्या पोटाला तीन कप्पे असतात आणि तो रवंथ करतो. कप्पा भरलेला असेल तर भूल दिल्यावर पोटातलं वर येऊन श्वासनलिकेत जाऊ शकतं, वायू साठून पोट फुगतं आणि फुगलेलं पोट दुर्बिणीच्या वाटेत येतं. इथं घरोघरी होणारी चूक अशी: गव्हाणीतला चारा काढतात, पण खाली अंथरलेलं वाळलेलं गवत तसंच राहतं आणि जनावर रात्रभर तेच खातं. अंथरूण बदला, रबरी चटई टाका. लामाला एकटं ठेवलं तर तो घाबरतो, म्हणून सोबतीला दुसरा हवाच. पण सोबतीच्या पुढ्यात चारा ठेवून याला उपाशी ठेवू नका, त्या रात्री सोबत्यालाही उपास घडला तर चालेल. सोबतीचा लामा रुग्णालयातही न्या. बरीच रुग्णालयं त्याला शेजारच्या खणात ठेवू देतात. अंगावर पिणारं पिल्लू असेल तर त्याचं दूध मात्र तोडायचं नाही, ते आईबरोबरच जाईल.

म्होरकीकडे विशेष लक्ष द्या. लामा जवळजवळ पूर्णपणे नाकानंच श्वास घेतो. म्होरकीची नाकावरची पट्टी सैल असेल तर ती घसरून नाकाच्या मऊ कूर्चेवर येते आणि श्वास कोंडतो. पट्टी डोळ्यांच्या जवळ, हाडावर बसली पाहिजे. भुलीतून उठणाऱ्या, नाक आधीच सुजलेल्या जनावराला ही पट्टी घातक ठरू शकते. रुग्णालयात दुसऱ्याची म्होरकी चढवण्यापेक्षा मापाची स्वतःची घेऊन जा.

आत काय होतं तेही थोडं जाणून घ्या, म्हणजे डॉक्टरांशी बोलताना अंधारात राहणार नाही. घोड्यात किंवा गाईत अंडाशय काढताना जनावर उभं ठेवून, बरगडीमागच्या बाजूनं दुर्बीण घालतात. लामाला गुंगी दिली की तो पाय दुमडून खाली बसतो. ती त्याची सवयच. म्हणून पूर्ण भूल देऊन उताणं झोपवणं हा मार्ग जास्त वापरला जातो. झायलझीन, केटामीन, ब्युटॉर्फेनॉल अशा औषधांनी झोपवून घशातून श्वासनलिकेत नळी घालतात. लामाचं तोंड अरुंद, जबडा फारसा उघडत नाही, त्यामुळे ही नळी घालणं हेच कसबाचं काम. पुढं आयसोफ्लुरेनवर भूल चालू राहते. उघड्या टपोऱ्या डोळ्यांत मलम घालतात. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा करतात आणि टेबल डोक्याकडून खाली तिरपं करतात, म्हणजे आतडी आणि पोटाचे कप्पे छातीकडे सरकतात आणि ओटीपोट मोकळं दिसतं. एक छेद बेंबीजवळ कॅमेऱ्यासाठी, बाकीचे दोन-तीन कासेच्या पुढं अवजारांसाठी.

मग पडद्यावर गर्भाशयाची दोन शिंगं दिसतात, फिकट गुलाबी, आणि त्यांच्या टोकांना पातळ पिशवीत अर्धवट झाकलेली अंडाशयं. पिशवी चिमट्यानं अलगद मागं सारली की पृष्ठभागावर छोटे बीजकोश भिजवलेल्या साबुदाण्यासारखे चमकतात आणि त्यांच्यात एखादा मोठा, आठ ते बारा मिलिमीटरचा, पाण्यानं तट्ट फुगलेला. निरोगी अंडाशय असं असतं. गाठ असलेलं शेजारच्या जोडीदारापेक्षा कितीतरी मोठं आणि बेढब दिसतं. अंडाशयाला येणाऱ्या रक्तवाहिन्या दाब आणि उष्णता यांनी एकदमच बंद करून कापणारं उपकरण असेल तर काम वेगानं होतं. नसेल तर धाग्याचा फास टाकून बांधतात. मोकळं झालेलं अंडाशय एका छेदातून बाहेर काढतात, मोठं असेल तर तो छेद वाढवून. आतला वायू काढून मग टाके. ही सगळी दृश्यं ध्वनिचित्रित करता येतात, म्हणून प्रत मागून ठेवा. काढलेला अवयव प्रयोगशाळेत पाठवायला सांगा. गाठ कशाची होती हे कळल्याशिवाय पुढचं काही ठरवता येत नाही.

डोकं खाली करून तासभर उताणं राहिल्यानं नाकाचं आतलं अस्तर सुजतं. म्हणूनच शुद्धीवर येताना लामाला छातीवर बसवून, मान वर धरून ठेवतात, आणि तो स्वतः चघळू-गिळू लागेपर्यंत श्वासनलिकेतली नळी काढत नाहीत. तुम्हाला भेटायला सोडलं तर गर्दी करू नका, हाका मारू नका. सोबतीचा लामा दिसेल असं उभं केलं तर त्याचा जास्त उपयोग.

आपल्या विद्यार्थ्यांसाठी इथं एक सांगणं. उंट आणि लामा एकाच कुळातले: समागमानंतर बीज सुटणं, गर्भ डाव्या शिंगात वाढणं, पाय दुमडून बसणं हे दोघांत सारखंच. बिकानेरला राष्ट्रीय उष्ट्र संशोधन केंद्र आहे. ज्यांना पुढं लामा-अल्पाकांचं काम करायचं आहे त्यांनी उंटाची प्रजननसंस्था सोनोग्राफीवर बघून मग जावं. हाताचा आणि डोळ्यांचा सराव आपल्याकडे शेळीवरही होतो. दुर्बीण हातात धरण्यापूर्वी ज्याला सोनोग्राफी वाचता येते त्यालाच पोटात गेल्यावर आपण कुठं आहोत ते कळतं.

घरी आणल्यावरचे पहिले तीन दिवस सगळ्यात महत्त्वाचे आणि ते सर्वस्वी तुमचे. तीन गोष्टी बघायच्या: खातो का, रवंथ करतो का, लेंड्या टाकतो का. लामा कळपातल्या ठरलेल्या जागीच लेंड्या टाकतात, त्यामुळे सोबती शेजारीच असेल तर कुणाच्या कुठल्या ते कळत नाही. एक दिवस तरी मध्ये जाळी लावून वेगळं ठेवा, पण एकमेकांना दिसतील असं. डाव्या कुशीवर कान लावला किंवा मुठीनं हलकं दाबून धरलं तर पोटाच्या पहिल्या कप्प्याची हालचाल मिनिटाला साधारण तीन-चार वेळा जाणवते. तापमान 37.5 ते 38.9 अंश सेल्सिअस, नाडी मिनिटाला 60 ते 90 आणि श्वास 10 ते 30 हे आकडे गोठ्याच्या दारावर लिहून ठेवा आणि सकाळ-संध्याकाळ मोजा. चारा हळूहळू वाढवा: पहिल्या दिवशी चांगलं वाळलेलं गवत थोडं थोडं, पाणी भरपूर, खुराक नंतर. पूर्ण एक दिवस त्यानं चाऱ्याला तोंड लावलं नाही तर वाट बघू नका, फोन करा. विशेषतः लठ्ठ किंवा दुभती मादी असेल तर यकृताची भीती खरी असते.

टाक्यांभोवती बोट फिरवल्यावर त्वचेखाली चुरचुर लागली तर घाबरू नका. भरलेल्या वायूचा अंश त्वचेखाली राहतो आणि काही दिवसांत जिरतो. पण जागा गरम लागली, पाणी गळू लागलं, पोट ताणलेलं दिसलं किंवा लामा दात खात एकटा बसून राहिला तर ते दुखण्याचं लक्षण समजा. वेदनाशामक डॉक्टरांनी सांगितलं तितकंच द्या. कण्हतोय म्हणून स्वतःहून एक मात्रा वाढवली तर पोटाच्या तिसऱ्या कप्प्यात व्रण होण्याचा धोका असतो. लामाला धुळीत लोळायची भारी हौस आणि पोटावरचे टाके नेमके तिथंच घासले जातात. टाके काढेपर्यंत, म्हणजे दहा ते चौदा दिवस, त्याला धुळीची जागा मिळू देऊ नका.

नराचं वृषण काढलं असेल तर त्याला लगेच माद्यांत सोडू नका. वाहिन्यांत उरलेले शुक्राणू काही काळ जिवंत असतात आणि टेस्टोस्टेरॉन उतरायलाही वेळ लागतो. महिना-दीड महिना वेगळा ठेवा. जुना, वर्षानुवर्षं माद्यांवर चढलेला नर त्यानंतरही चढू शकतो, कारण ती सवय मेंदूत बसलेली असते. मादीचं एक अंडाशय काढलं असेल आणि पुन्हा भरवायची असेल तर जखम पूर्ण भरून, ती नेहमीच्या वजनावर आल्यावर आधी सोनोग्राफी करून घ्या. उरलेल्या अंडाशयात बीजकोश वाढताना दिसला, गर्भाशयात द्रव नाही आणि प्रयोगशाळेचा अहवाल हातात आला, की एकदाच भरवा. त्यानंतर साधारण चौदाव्या दिवशी नरासमोर उभी करा. ती थुंकली आणि पळाली तर महिन्याभरानं पुन्हा सोनोग्राफीची वेळ घ्या.